बिनअनुभवाची नोकरी, अनुभवाचं काम

रुग्णालयात वॉर्डबॉय म्हणून लागताना बहुतेक ठिकाणी अनुभव विचारत नाहीत. गणवेश चढला की पेशंट, नातेवाईक, सिस्टर सगळेच ‘मामा’ म्हणून हाका मारू लागतात. काम मात्र कुणीतरी शिकवावं लागतं. मला ते वॉर्डातल्या जुन्या मावशींनी शिकवलं.

पहिला धडा चादर बदलण्याचा. खाटेवर अर्धांगवायूचे आजोबा, उठता न येणारे. “आधी सांगायचं, मग हात लावायचा,” मावशी म्हणाल्या. आजोबांना तसं सांगून मी त्यांना माझ्याकडच्या कुशीवर घेतलं आणि धरून ठेवलं. मावशींनी मळकी चादर गुंडाळत त्यांच्या पाठीपर्यंत आणली, मोकळ्या गादीवर नवी पसरली, तिचाही उरलेला भाग गुंडाळून पाठीशी सारला. मग आजोबांना मावशींच्या बाजूला वळवलं. मी जुनी ओढून काढली, नवी ताणून घेतली. शेवटी मावशींनी चादरीवरून तळहात फिरवून एकेक चुणी मोडली. एकाच जागी पडून राहिलेल्या अंगावरचा दाब, त्यात चादरीची चुणी आणि ओल, की कातडी सोलवटते, बेडसोर होतो. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूसही बदलायची.

प्रत्येक कामामागे असं कारण असतं. पेशंटला एक्स-रेला नेताना लघवीची पिशवी त्याच्या पोटावर ठेवायची नाही. ती कमरेच्या खालीच हवी, नाहीतर लघवी नळीतून उलटी जाऊन जंतुसंसर्ग होऊ शकतो. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात. एक सुई चुकून पिशवीत गेली, तर ती पिशवी उचलणाऱ्याच्या हातात घुसते. अशा टोचण्यातून हिपॅटायटिस बी होऊ शकतो.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार कामावर घेताना आणि त्यानंतर दरवर्षी प्रशिक्षण देणं, तसंच हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. नव्याने लागणाऱ्याने रुजू होतानाच लस कधी देणार आणि शिकवणार कोण, हे विचारून घ्यावं. आणि जे रुग्णालय हे काम अकुशल समजून कुणालाही थेट वॉर्डात उभं करतं, ते त्या कामगारासोबत खाटेवरच्या पेशंटलाही धोक्यात घालतं.