हा कोट उन्हात टाकू नका राव!

मे महिना, बीडची गच्ची. कुरडया, पापड, मिरच्या, गोधड्या... टाकाल ते दुपारपर्यंत कडकडीत! इथं ऊन फुकट आणि भरपूर. पण एक कपडा असा आहे की त्याला आग चालते, ऊन चालत नाही. ओळखा पाहू? फायरमनचा कोट! सायरन वाजला, बंब निघाला, धरा मागची शिडी...

बंब की बोंबा?
माहीत आहे का? पोर्तुगीज भाषेत पंपाला म्हणतात 'बोंबा' आणि आग विझवणाऱ्याला 'बोंबेइरो'. आता आपल्या 'बंबा'कडे पुन्हा बघा! न्हाणीघरातला बंब आगीवर जगतो, रस्त्यावरचा बंब आगीच्या जिवावर उठतो. नाव एक, धंदे उलटे!

18, 21, 28
लॉटरीचा नंबर नाही हो! हवेत ऑक्सिजन असतो साधारण 21 टक्के. माजलगाव-गेवराईच्या शिवारातल्या कापसाला पेटत राहायला 18 टक्के पुरतो. नोमेक्स नावाच्या धाग्याला मात्र लागतो सुमारे 28. म्हणजे ज्वाला बाजूला सरकली की गडी आपोआप विझला! अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीने 1960 च्या दशकात आणलेला हा धागा पॉलिस्टरसारखा वितळून कातडीला चिकटत नाही. तो काळा पडतो, फुगतो आणि ढाल होतो.

तीन थरांची गोधडी
कोट उलगडा. बाहेरचा थर आग अडवतो, मधला पाणी, आतला उष्णता. आणि खरी कमाल कुणाची? थरांमध्ये अडकलेल्या फुकटच्या हवेची! गुडघा टेकला की ती हवा दबते आणि चटका आत येतो. म्हणून गुडघ्यांवर आणि खांद्यांवर जादा अस्तर.

इडली अलर्ट!
कोट ओला असला तर बरंच की, असं वाटतं ना? थांबा! पाण्याची वाफ झाली की ते सुमारे 1700 पट जागा मागतं. ओलसर अस्तर तापलं तर आतला माणूस इडलीसारखा वाफवला जायचा. म्हणून न वाळलेला कोट चढवायचा नाही.

आतून ड्रॅगन
पण जुन्या एदोमधले, म्हणजे आजच्या टोकियोतले, जपानी वीर नेमकं उलटं करायचे! जाड शिवणीचा सुती कोट पाण्यात चिंब भिजवून आगीत शिरायचे. कोटाच्या आतल्या बाजूला रंगवलेले ड्रॅगन. आग विझली की कोट उलटा घालून ऐटीत परत. फॅशन शो, तोही राखेच्या रँपवर!

पँट आधी बुटात
माहीत आहे का? अनेक फायर स्टेशनांत पँट बुटांमध्ये खोचूनच ठेवलेली असते. धावत या, बुटात पाय घाला, पँट वर ओढा, चला! शाळेची व्हॅन चुकवणाऱ्या पोरांनी ही आयडिया जरूर चोरावी.

पितळी डोकं
1860 च्या दशकापासून लंडनचे फायरमन चकाचक पितळी हेल्मेट मिरवत. मग घरोघरी वीज आली आणि कुणाच्या तरी लक्षात आलं, पितळेतून करंट जातो की! 1930 च्या दशकात शान उतरली, डोकी वाचली.

मानेमागचं हँडल
अमेरिकन मानकांच्या कोटात मानेमागे एक पट्टा लपवलेला असतो. घालणारा बेशुद्ध पडला तर जोडीदाराने तो धरायचा आणि ओढत बाहेर आणायचं.

14 एप्रिल
भीमजयंती तर आहेच. पण याच तारखेला 1944 मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. पोटात स्फोटकं, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटासुद्धा! आग विझवायला गेलेले 66 जवान परतले नाहीत. नोमेक्सचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्यांच्या आठवणीत हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

डाग अजिबात चांगले नाहीत!
काजळीने माखलेला कोट म्हणजे शौर्याचं मेडल? छे! काजळीत विषारी रसायनं असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशमनाचं कामच कर्करोगकारक ठरवलं. म्हणून आग विझली की कोट अंगावर असतानाच ब्रश आणि पाण्याचा फवारा. मग अस्तर वेगळं काढून स्टेशनातच धुलाई. पाणी 40 अंशांपर्यंत, ब्लीच नाही, सॉफ्टनर नाही. आणि घरच्या मशीनमध्ये? मुळीच नाही! पोराच्या युनिफॉर्मला काजळीचं विष कशाला लावायचं?

कोटालाही रिटायरमेंट
माहीत आहे का? अमेरिकेच्या एनएफपीए संस्थेचा नियम सांगतो, बनल्यापासून 10 वर्षं झाली की कोट सेवानिवृत्त. दिसायला कितीही ठणठणीत असो!

आणि ते ऊन?
आता सुरुवातीचं कोडं. नोमेक्स, केव्लार हे अॅरामिड घराण्यातले धागे. ज्वाळांना तोंड देतील, पण उन्हातले अतिनील किरण त्यांना हळूहळू पोखरतात. वरून ते नेहमी दिसेलच असं नाही. मग कळतं ते ऐन आगीत, कापड टरकन फाटल्यावर.

तेव्हा गच्ची कुरडयांनाच राहू द्या. कोट सावलीत, वाऱ्याला, हँगरवर. आगीसाठी राखून ठेवलाय तो, उन्हात कशाला खर्च करता?