सीडी अडकतेय? आधी लेन्स पुसा!

शिरूर असो की दौंड, उन्हाळ्यात घरात धूळ येतेच. ती सीडी प्लेअरच्या लेन्सवरही बसते. मग आईच्या आवाजातल्या ओव्यांची सीडी अडकते आणि आपण म्हणतो, ‘मशीन गेलं!’ मैत्रिणींनो, जरा थांबा.

१९८२ साली बाजारात आलेली सीडी लेसर किरणाने वाचली जाते. आधी दुसरी सीडी लावून बघा. ती वाजली, तर दोष पहिलीचा. मऊ सुती कापडाने ती मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल नको.

एकही वाजत नसेल, तर प्लग आणि सेल काढा. वरून झाकण उघडणाऱ्या प्लेअरमध्ये लेन्स लगेच दिसते. कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ती अलगद पुसा, दाबू नका. वाळल्यावरच मशीन लावा. चालू लेन्समध्ये कधीही डोकावू नका. हा लेसर धड दिसत नाही, पण डोळ्यांना घातक असतो.

ट्रेचा प्लेअर मात्र मेकॅनिककडेच न्या. ट्रे अडकण्यामागे बरेचदा सैल झालेला रबरी पट्टा असतो. ‘लेन्स बदला’ म्हणाला, तर ‘पुसून पाहिली का?’ असं जरूर विचारा.

आणि ओव्या वाजल्या की लगेच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. मशीन दुसरं मिळेल, आईचा आवाज नाही!