इन्शुलिन आणि वाढीचा लगाम

इन्शुलिन म्हटले की आपल्याला साखरच आठवते. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी ते मिळवले, पुढच्या वर्षी ते मधुमेही रुग्णांना दिले गेले, आणि ही सांगड पक्की झाली. पण शरीराने केव्हा वाढावे आणि केव्हा हात आखडता घ्यावा, हेही इन्शुलिन काही अंशी ठरवते.

वाढीचा निरोप पेशींना देणारे एक प्रथिन मुख्यतः यकृतात तयार होते. त्याची रचना इन्शुलिनशी मिळतीजुळती, म्हणून त्याचे नाव 'इन्शुलिनसदृश वाढघटक'. रक्तात तो मोकळा फार थोडा असतो. सहा प्रकारची बंधक प्रथिने त्याला धरून ठेवतात. बहुतेक साठा तिसऱ्या बंधकाकडे असतो आणि तो दिवसभरात फारसा बदलत नाही. पहिला बंधक मात्र जेवणागणिक वरखाली होतो. त्याचा लगाम इन्शुलिनच्या हाती आहे.

उपाशीपोटी इन्शुलिन कमी असते. तेव्हा यकृतपेशींच्या केंद्रकातील 'फॉक्सओ-१' हे प्रथिन पहिल्या बंधकाचे जनुक चालू ठेवते. बंधक वाढतो आणि वाढघटकाला अडवतो. अन्न नसताना वाढीवर खर्च नको, हा त्यातला हिशोब. जेवल्यावर इन्शुलिन येते, फॉक्सओ-१ला केंद्रकाबाहेर काढते, आणि काही तासांत बंधकाची पातळी उतरते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर घरच्यांच्या लेखी तो उपवास. यकृताच्या लेखी जेवणच.

आता इन्शुलिन-रोधाकडे वळू. स्नायू आणि यकृत इन्शुलिनला पुरेशी दाद देईनासे झाले की स्वादुपिंड जादा इन्शुलिन सोडते. त्या जोरावर साखर कित्येक वर्षे आटोक्यात राहते. पण या जादा इन्शुलिनमुळे पहिला बंधक उपाशीपोटीही कमीच आढळतो. स्वीडनमधील दीर्घकालीन पाहण्यांत हा बंधक कमी असलेल्यांना पुढे मधुमेह होण्याचे प्रमाण अधिक दिसले. पुढे स्वादुपिंड थकले की तोच बंधक वाढू लागतो. म्हणून त्याच्या एका आकड्यावरून निदान करता येत नाही, आणि ही तपासणी नेहमीच्या तपासण्यांत नसते.

मग आपण काय पाहावे? 'साखर नॉर्मल आली' आणि 'वजन बेताचे आहे', एवढ्यावर निश्चिंत राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे दिले होते. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. म्हणून घरातली शिलाईची टेप काढा. भारतीयांत कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर तो धोक्याचा इशारा समजतात. असा घेर आढळला, तर साखर वाढण्याची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा आणि रोजचे चालणे सुरू करा. चालणारा स्नायू थोड्या इन्शुलिनमध्येही साखर उचलतो, आणि स्वादुपिंडावरचा भार तेवढा हलका होतो.