घर उबदार ठेवणारी फर्नेस आणि तिची सफाई



चौथीच्या वर्गात 'हवा' हा घटक शिकवत होते. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "बाई, बर्फ पडतो तिथली माणसं घरात शेकोटी पेटवतात का?" वर्गात हशा पिकला. पण प्रश्न चांगला होता, म्हणून मी संध्याकाळी कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला फोन लावला.

ताई म्हणाली, "शेकोटीच म्हण, फक्त ती तळघरात असते. आणि अगं, सध्या तिच्यावरूनच डोक्याला ताप झालाय. रोज कुणीतरी फोन करतं. म्हणे, घरातल्या नळांत धूळ साचलीय, सर्दी-खोकला त्यानेच होतो, 99 डॉलरमध्ये सगळं साफ करून देतो. पोरगा तर खोकतोयच. बोलावू का त्यांना?"

चला तर मग, ही शेकोटी आधी समजून घेऊ. उत्तर त्यातच आहे.

फर्नेस म्हणजे काय?

तुमच्या आजीकडे पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता का? बंबात मधल्या नळीत विस्तव असतो आणि भोवती पाणी. धूर वरून निघून जातो. पाणी तापतं, पण विस्तवाला शिवत नाही. फर्नेस अगदी तशीच, फक्त पाण्याच्या जागी हवा. धातूच्या बंद कप्प्यात गॅस जळतो आणि त्याचा धूर वेगळ्या नळीने घराबाहेर जातो. मोठा पंखा घरातली हवा त्या तापलेल्या कप्प्याच्या बाहेरून फिरवतो. गरम झालेली हवा पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत जाते. या नळांना डक्ट म्हणतात. खोलीतली गार हवा दुसऱ्या डक्टमधून परत फर्नेसकडे येते. वाटेत एक फिल्टर असतो, तो धूळ अडवतो. बाहेर उणे 20 अंश असतानाही घरात माणसं साध्या कपड्यांत वावरतात ती यामुळेच.

म्हणजे दोन वाटा झाल्या: एक श्वासाच्या हवेची, दुसरी धुराची. या दोन वाटा कधीही एकत्र येता कामा नयेत. हा या पाठातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा.

डक्ट साफ करावेत का?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने यावर लोकांसाठी खास पुस्तिका काढली आहे. तिच्या मते, डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही. डक्टच्या पत्र्याला चिकटलेली बरीचशी धूळ तिथेच राहते. मग सफाई कधी करायची?

• डक्टच्या आत बुरशी डोळ्यांना दिसत असेल
• उंदीर किंवा किडे शिरले असतील
• धूळ-कचऱ्याने डक्ट तुंबले असतील आणि खोलीतल्या जाळीतून धूळ बाहेर येत असेल

घरात तोडफोड, बांधकाम झालं असेल तर आत डोकावून बघायलाच हवं.

खरी सफाई कशी होते?

जाणकार माणूस आधी आत काय आहे ते तुम्हाला दाखवतो. मग खोल्यांतल्या जाळ्या झाकतो आणि मुख्य डक्टला मोठं शोषक यंत्र जोडतो, म्हणजे धूळ घरात न उडता यंत्राकडेच ओढली जाते. त्यानंतर एकेका जाळीतून ब्रश आणि दाबाची हवा सोडून धूळ सुटी करतो. फर्नेसचा पंखाही साफ करतो. या कामाला काही तास लागतात, आणि खर्च काही शे डॉलर येतो. 99 डॉलरमध्ये जाळीपाशी व्हॅक्यूम फिरवून अर्ध्या तासात निघून जाणं म्हणजे केर दाराआड लोटण्यासारखं झालं! बरेचदा अशी माणसं घरात आल्यावर "बुरशी आहे, औषध फवारावं लागेल" म्हणत बिल वाढवतात.

मग धोका कुठे आहे?

धोका धुराच्या वाटेत आहे. बंबाच्या नळीला भोक पडलं तर पाणी गळून लगेच कळतं. फर्नेसच्या कप्प्याला तडा गेला किंवा धुराची नळी तुंबली तर कार्बन मोनॉक्साईड वायू घरात येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणूस झोपेतच जातो.

2008 साली ऑन्टारिओतल्या वुडस्टॉक इथे गॅसच्या शेकोटीची धुराची वाट तुंबली आणि एका कुटुंबातले चौघे दगावले. घरात या वायूची सूचना देणारा अलार्म नव्हता. पुढे 2013 मध्ये त्या प्रांताने असा अलार्म घरात असण्यासाठी कायदा केला.

म्हणून फर्नेसची तपासणी दरवर्षी थंडीआधी परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. फिल्टर मात्र आपणच बदलायचा, साधारण एक ते तीन महिन्यांनी. आधी फर्नेस बंद करायची आणि फिल्टरवरचा बाण हवेच्या दिशेने ठेवायचा.

हे सगळं ताईला सांगितलं. तिने फोन चालू ठेवूनच तळघरात जाऊन फिल्टर ओढला. जुन्या गोधडीसारखा करडा झाला होता! घर घेतल्यापासून कुणी बदललाच नव्हता. मग मी म्हटलं, "अलार्मवरची तारीख बघ." ती थोडा वेळ गप्पच झाली. मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती.

दुसऱ्या दिवशी नवा अलार्म लागला. आठवड्याभरात तंत्रज्ञ फर्नेस तपासून गेला. खोकल्यासाठी पोराला डॉक्टरांकडे नेलं. 99 डॉलरवाल्यांना नकार दिला.

आपल्याकडे काय?

आपल्या घरी फर्नेस नाही, पण अनेकांच्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. वायू तोच, आणि बंद खोली त्याहून लहान. गिझर शक्यतो बाथरूमबाहेर बसवा. आत असेल तर आधी बादली भरून घ्या, गिझर बंद करा, मगच आंघोळीला बसा. खिडकी उघडी ठेवा.

आजचा गृहपाठ: तुमच्या घरात कुठे कुठे काय जळतं आणि त्याचा धूर कोणत्या वाटेने बाहेर जातो, ते आईबाबांसोबत शोधा आणि वहीत चित्र काढा. एखाद्या धुराला वाटच सापडली नाही, तर ते घरात मोठ्यांना त्याच दिवशी सांगा.