दूरचा रेडिओ संपर्क ‘खरा’ केव्हा मानायचा?

डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हे अमेरिकन रेडिओतज्ज्ञ स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील आर्ड्रॉसन येथे तंबू ठोकून बसले होते. अटलांटिकपलीकडील हौशी केंद्रांचे संकेत तेथे ऐकू येतात का, हे त्यांना पाहायचे होते. संकेत आले आणि ओळखूही आले. कामगिरी मोठी होती, परंतु तिला ‘संपर्क’ म्हटले गेले नाही, कारण ती केवळ ऐकण्याची चाचणी होती. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील नीस येथील लेऑन देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांनी परस्परांना उत्तरे दिली, तेव्हाच अटलांटिकपार पहिला दुतर्फा हौशी संपर्क झाला, असे मानले जाते. ऐकणे आणि संपर्क साधणे यांतील हा फरक आजही हॅम रेडिओच्या नियमांचा पाया आहे.

दूर अंतरावरील संपर्काला हॅम मंडळी ‘डीएक्स’ म्हणतात. असा संपर्क ग्राह्य ठरण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात. दोन्ही केंद्रांनी एकमेकांचे सांकेतिक नाव, म्हणजेच कॉलसाइन, अचूक ग्रहण केले पाहिजे. दोघांना एकमेकांकडून संकेताचा अहवाल किंवा तशी काही माहिती मिळाली पाहिजे. ती मिळाल्याची पोचही दोघांना मिळाली पाहिजे. यांपैकी एक दुवा निसटला तरी संपर्क अपुरा राहतो. शिवाय ही सारी माहिती त्याच वेळी रेडिओवरूनच यावी लागते. संपर्क चालू असताना दूरध्वनीवरून किंवा इंटरनेटवरून ‘माझे नाव ऐकू आले का?’ असे विचारून घेणे म्हणजे परीक्षेत शेजाऱ्याच्या वहीत डोकावण्यासारखेच आहे.

मग ‘दूर’ म्हणजे किती दूर? येथे किलोमीटरचा हिशेब नेहमीच उपयोगी पडत नाही. क्लिंटन डिसोटो यांनी १९३५ मध्ये ‘क्यूएसटी’ या नियतकालिकात देश मोजण्याची एक पद्धत सुचविली. त्यातूनच अमेरिकन रेडिओ रिले लीगचा ‘डीएक्स सेंच्युरी क्लब’ हा सन्मान पुढे आला. किमान १०० प्रदेशांशी संपर्क साधून तो सिद्ध करणाऱ्यास हा सन्मान मिळतो. सध्याच्या यादीत ३४० प्रदेश आहेत. राजकीय सीमेबरोबरच भौगोलिक विलगताही त्यात विचारात घेतली जाते. त्यामुळे भारत, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप हे तीन स्वतंत्र प्रदेश ठरतात. मुंबईहून दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या गुवाहाटीशी बोलल्यास यादीत नवी भर पडत नाही; कोचीहून सुमारे चारशे किलोमीटरवरील कवरत्तीशी बोलल्यास मात्र पडते. गोव्याचेही नाव एकेकाळी या यादीत स्वतंत्र होते. मुक्तीनंतर ते वगळले गेले आणि १९६१ अखेरपर्यंतचे संपर्कच त्या नावाखाली धरले जातात.

यादीसाठी आणखीही अटी आहेत. संपर्क १५ नोव्हेंबर १९४५ किंवा त्यानंतरचा हवा. आपले सर्व संपर्क एकाच प्रदेशातून केलेले असावेत. समोरचे केंद्र जमिनीवर असावे. भर समुद्रातील जहाज चालत नाही. जमिनीवरील रिपीटरच्या मदतीने साधलेला संपर्कही बाद ठरतो. दुर्गम बेटावर गेलेल्या पथकाला तेथे उतरण्याची व प्रक्षेपणाची परवानगी होती, याचे पुरावे मागितले जाऊ शकतात. एवढे झाल्यावर पुष्टी हवी. पूर्वी त्यासाठी टपालाने येणाऱ्या क्यूएसएल कार्डाची महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे. २००३ पासून ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ या संगणकीय नोंदवहीत दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळल्या की पुष्टी मिळू लागली.

नव्या तंत्राने नवे प्रश्न उभे केले आहेत. नोबेल पारितोषिकविजेते खगोलशास्त्रज्ञ ज्यो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी २०१७ मध्ये आणलेल्या ‘एफटी-८’ पद्धतीत, कानाला ऐकूही न येणारा संकेत संगणक पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांतून उलगडतो. यात माणसाचे कौशल्य किती, असा आक्षेप घेतला जातो. परंतु नावे, अहवाल आणि पोच यांची देवाणघेवाण येथेही पूर्ण व्हावीच लागते. साधन बदलले तरी कसोटी तीच राहिली आहे.

हा काटेकोरपणा काहींना छंदिष्टांचा हट्ट वाटेल. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हॅम पथक नेमके अशाच दूरसंपर्कांसाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. जगभरचे हॅम त्या दुर्मिळ बेटाची नोंद मिळविण्यासाठी धडपडत होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. संपर्काची नेहमीची साधने कोलमडली आणि त्याच पथकाची यंत्रणा अंदमानातील संदेश मुख्य भूमीपर्यंत पोहोचवू लागली. अशा वेळी एखाद्याचे नाव अर्धवट ऐकून ‘सुखरूप’ असे कळविले, तर एका कुटुंबावर केवढा घोर अन्याय होईल! नाव नीट ऐकणे, ते परत उच्चारून पडताळणे आणि पोच मिळेपर्यंत न थांबणे ही सवय संकटाच्या दिवशी अचानक लागत नाही. ती निवांत रात्री, कुठल्याशा दूरच्या बेटाच्या क्षीण संकेतासाठी ताटकळताना अंगी बाणते.

अर्थात, प्रत्येक संपर्कावर नजर ठेवणारा पंच कोठेही नसतो. अर्धवट ऐकलेले नाव वहीत लिहावे की सोडून द्यावे, हे शेवटी यंत्रासमोर एकट्या बसलेल्या माणसालाच ठरवावे लागते.