वाचाघातासह जगणे आणि वाक्‌उपचाराची भूमिका : नाशिक जिल्ह्याच्या भाषिक संदर्भात

बीजशब्द : वाचाघात, पक्षाघात, वाक्‌उपचार, बहुभाषिकता, अहिराणी, पुनर्वसन

प्रस्तावना

पक्षाघाताच्या झटक्यानंतर रुग्णाचे प्राण वाचले आणि हातापायांत हळूहळू बळ येऊ लागले की घरच्यांना हायसे वाटते. त्यानंतर अनेक घरांत एक वेगळीच अडचण पुढे येते. रुग्ण समोरच्याला ओळखतो, काय हवे तेही त्याला ठाऊक असते. परंतु नेमका शब्द ओठांवर येत नाही. ‘वाचा बसली’ असे म्हणून घरचे लोक हे दैवावर सोडतात, तर कधी रुग्ण भ्रमिष्ट झाला असा समज करून घेतात. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात वाचाघात (अफेजिया) म्हणतात. पक्षाघाताच्या साधारणपणे तिघांपैकी एका रुग्णात ती आढळते. प्रस्तुत लेखात वाचाघाताचे स्वरूप, वाक्‌उपचाराची भूमिका आणि नाशिकसारख्या बहुभाषिक जिल्ह्यात हा उपचार कोणत्या भाषेत व्हावा, या प्रश्नांचा विचार केला आहे.

वाचाघात : संकल्पना व स्वरूप

मेंदूतील भाषाविषयक भागांना इजा झाल्यामुळे बोलणे, समजणे, वाचणे व लिहिणे या क्षमतांवर होणारा परिणाम म्हणजे वाचाघात होय. बहुतांश लोकांमध्ये हे भाग मेंदूच्या डाव्या गोलार्धात असतात. पक्षाघात हे त्याचे प्रमुख कारण असून अपघातातील इजा, मेंदूतील गाठ किंवा संसर्ग यांमुळेही तो उद्भवतो. जीभ व ओठांचे स्नायू दुर्बल झाल्याने उच्चार अस्पष्ट होणे हा वेगळा दोष आहे. वाचाघातात मूळ भाषाव्यवस्थाच विस्कळीत होते.

फ्रान्समधील शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये एका रुग्णाचे वर्णन केले. तो ‘टॅन’ या एका उच्चारापलीकडे फारसे काही बोलू शकत नव्हता, मात्र इतरांचे बोलणे त्याला बऱ्याच अंशी कळत होते. 1874 मध्ये जर्मन वैद्यक कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकार दाखवून दिला : बोलणे ओघवते, पण अर्थहीन, आणि आकलन क्षीण. पहिल्या प्रकारात रुग्ण ‘बाजार... भाजी... उद्या’ असे सुटे शब्द कष्टाने जुळवतो. दुसऱ्या प्रकारात वाक्ये सहज येतात, परंतु शब्द चुकीचे किंवा निरर्थक असतात आणि आपले चुकत आहे याची जाणीव अनेकदा रुग्णाला नसते. काहींना केवळ नावे आठवत नाहीत, तर काहींच्या सर्वच भाषिक क्षमता हरपतात.

मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते. कोणी कोणाला मारले, हे ‘रामने शामला’ की ‘रामला शामने’ यांतील प्रत्ययांवरूनच ठरते. त्यामुळे प्रत्यय गळाले किंवा त्यांचे आकलन झाले नाही, तर सर्व शब्द ओळखीचे असूनही वाक्याचा अर्थ निसटतो. इंग्रजीसाठी तयार झालेल्या चाचणीचे केवळ भाषांतर मराठी रुग्णासाठी पुरेसे का ठरत नाही, हे यावरून लक्षात येते.

वाक्‌उपचाराचे कार्य

वाक्‌उपचारतज्ज्ञ प्रथम आकलन, नामकथन, पुनरुच्चार, वाचन व लेखन या क्षमतांची स्वतंत्र तपासणी करतो. त्यातून कोणते दार बंद आहे आणि कोणते किलकिले आहे, हे कळते. शब्द आठवत नसल्यास त्याचा पहिला ध्वनी, उपयोग किंवा संबंधित शब्द सुचवून तो गवसण्याचा मार्ग पुन्हा तयार केला जातो. बोलता न येणारे काही रुग्ण पाढे, वारांची नावे किंवा लहानपणापासून म्हटलेली आरती सहज म्हणतात. हे पाठांतरातील बोलणे असते. त्यावरून भाषा परत आली असे मानता येत नाही. मात्र लय व सूर यांचा आधार घेऊन उपयोगी वाक्ये शिकवण्याची पद्धत 1970 च्या दशकापासून वापरली जाते.

या उपचाराच्या उपयुक्ततेस पुरावा आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात 57 चाचण्यांतील 3002 व्यक्तींची माहिती तपासण्यात आली आणि वाक्‌उपचारामुळे दैनंदिन संवाद, वाचन, लेखन व अभिव्यक्ती यांत लाभ होतो असे दिसून आले. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते. तथापि ‘सहा महिन्यांत बोलला नाही, म्हणजे आता बोलणार नाही’ ही समजूत चुकीची आहे. जर्मनीतील 2017 च्या एका चाचणीत सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ वाचाघात असलेल्या 156 व्यक्तींचा समावेश होता. तीन आठवड्यांच्या सघन उपचाराने त्यांच्या संवादात सुधारणा झाली.

उपचार कोणत्या भाषेत?

2011 च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या 61,07,187 होती. जिल्ह्यातील पंधरा तालुक्यांत एकच मराठी बोलली जात नाही. बागलाण, देवळा, कळवण या पट्ट्यात अहिराणी, सुरगाणा व पेठ भागात कोकणा आणि मालेगावात मोठ्या प्रमाणावर उर्दू बोलली जाते. अनेक माणसे घरी एक, बाजारात दुसरी व कार्यालयात तिसरी भाषा वापरतात. बहुभाषिक व्यक्तीच्या सर्व भाषा वाचाघातानंतर सारख्याच परततील असे नाही. सर्वांत आधी शिकलेली भाषा प्रथम परतते, असे प्रतिपादन एकोणिसाव्या शतकात रिबो यांनी केले, तर 1895 मध्ये पित्र यांनी सर्वाधिक सवयीच्या भाषेवर भर दिला. प्रत्यक्षात दोन्ही प्रकार आढळतात. कित्येकदा सर्व भाषा बरोबरीने सुधारतात.

म्हणून प्रत्येक भाषेतील पूर्वीची क्षमता घरच्यांकडून जाणून घेणे आवश्यक ठरते. मुलाचे चित्र दाखविल्यावर सटाण्याकडील रुग्णाने ‘आंडोर’ म्हटले, तर ते अहिराणीतील अचूक उत्तर होय. प्रमाण मराठीच्या मोजपट्टीवर मात्र ती चूक नोंदली जाण्याचा धोका असतो. हीच बाब विषयाचीही आहे. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला अनोळखी वस्तूंच्या चित्रांपेक्षा छाटणी, विरळणी, फवारणी हे शब्द अधिक जवळचे असतात. जो शब्द परत मिळाल्याने माणूस पुन्हा आपल्या व्यवहारात सहभागी होऊ शकतो, तोच उपचाराचा पहिला शब्द असावा.

कुटुंबाची भूमिका

तज्ज्ञाकडे आठवड्यातील एखाद-दुसरा तास जातो. उर्वरित वेळ घरात जातो. त्यामुळे पुढील गोष्टी महत्त्वाच्या ठरतात :

1. रुग्णाशी प्रौढ माणसाप्रमाणेच, लहान वाक्यांत व सावकाश बोलावे. मोठ्याने बोलल्याने आकलन वाढत नाही.
2. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. ‘चहा की दूध?’ असा पर्याय द्यावा व उत्तरासाठी थांबावे.
3. हावभाव, चित्र, लिहिलेला शब्द, कुटुंबीयांची व वस्तूंची छायाचित्रे असलेली वही यांचा निःसंकोच वापर करावा.
4. रुग्णाच्या वतीने सतत बोलू नये. घरातील निर्णयांत त्याचे मत घ्यावे.

या शेवटच्या मुद्द्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. कर्त्या माणसाला शेताचा किंवा मुलीच्या लग्नाचा निर्णय विचारला जात नाही, तेव्हा त्याचे घरातील स्थानही हरपते. एकाकीपणा व नैराश्य तेथूनच वाढते.

कायदा व सेवा

1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत वाचा व भाषा यांच्या अपंगत्वाचा समावेश नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये ही संख्या एकवीस झाली आणि वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आला. त्यामुळे कायमस्वरूपी वाचाघात असलेल्या व्यक्तीस प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. 1998 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिक येथेच आहे. मात्र सुरगाण्याहून दर आठवड्याला शहरात येणे रोजंदारीवरील कुटुंबास परवडत नाही. दूरध्वनीवरील चलचित्र-संवादाद्वारे उपचार आणि आशा कार्यकर्तींना प्राथमिक ओळख करून देणे, हे त्यावरील व्यवहार्य मार्ग ठरू शकतात.

निष्कर्ष

वाचाघातात शब्द हरवतात, माणूस हरवत नाही. वाक्‌उपचार सर्वांना पूर्ववत बोलते करीलच असे नाही. परंतु उरलेल्या क्षमतांच्या आधारे संवादाचा मार्ग खुला ठेवणे त्यास साध्य होते. त्यासाठी उपचार लवकर सुरू होणे, उशीर झाला तरी तो सोडून न देणे आणि तो रुग्णाच्या घरच्या भाषेत होणे आवश्यक आहे. अहिराणी, कोकणा यांसारख्या भाषांतील शब्दसंग्रह व चित्रसंच तयार करण्याच्या कामी जिल्ह्यातील महाविद्यालयांचे भाषा विभाग वाक्‌उपचारतज्ज्ञांना मोलाचे साहाय्य करू शकतील.