विमानांत कोणत्या बाजूस बसावें?

केळापुराकडील एखादें कुटुंब लग्नकार्यासाठीं अथवा औषधोपचारासाठीं कधीं कधीं नागपुराहून मुंबईस विमानानें जातें. भाड्याचे पैसे कापसाच्या विक्रींतून मोठ्या कष्टानें बाजूस काढलेले असतात. अशा वेळीं खिडकीशीं बसलेल्या मुलास बाहेर केवळ लखलखाट दिसावा, त्यानें झडप ओढून घ्यावी आणि सारा महाराष्ट्र न पाहतांच मागें पडावा, ही मोठीच हानि होय. प्रस्तुत लेखकाचा पहिला विमानप्रवास असाच फुकट गेला. कारण कोणती बाजू मागावी याचा विचार त्यानें केलाच नव्हता. तो विचार कसा करावा, हें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम दिशा पाहावी. नकाशावर नागपूर व मुंबई यांच्यामध्यें एक दोरा ताणून धरा. तो पश्चिमेकडे, किंचित् दक्षिणेस झुकलेला दिसेल. पश्चिमेकडे तोंड केलें कीं उजवा हात उत्तरेस व डावा दक्षिणेस येतो. आतां दोऱ्याच्या दोन्ही अंगांस काय आहे तें वाचा. डावीकडे लोणारचें सरोवर, म्हणजे उल्केच्या आघातानें काळ्या खडकांत पडलेला सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचा वाटोळा खळगा. त्यापुढें पैठणजवळ गोदावरीचा नाथसागर. उजवीकडे सह्याद्रींत १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर व भंडारदऱ्याचा जलाशय. वैमानिक दर वेळीं दोऱ्यावरूनच जाईल असें नाहीं. हवामानाप्रमाणें वाट बदलते. तरी दृष्टि कोठें लावावी, हें दोरा सांगतो.

दुसरा विचार सूर्याचा. सूर्य ज्या बाजूस असेल त्या बाजूची खिडकी डोळे दिपविते. विरुद्ध बाजूची भूमि मात्र स्वच्छ उजळलेली दिसते. आपल्या अक्षांशावर मेअखेरपासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंतचे सुमारें दोन महिने सोडले, तर माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेसच असतो. म्हणून हिवाळ्यांत मुंबईस जातांना उजवी बाजू घ्यावी. मे महिन्यांत सकाळीं सूर्य पाठीमागें असतो व सायंकाळीं पश्चिमेच्या थोडा उत्तरेस कलतो. तेव्हां डावी बाजू बरी, आणि लोणारही त्याच बाजूस आहे.

तिसरा विचार पंखाचा. पंखावरील ओळी टाळून त्यांच्या पुढची अथवा बरीच मागची ओळ मागावी. 'ए' अक्षराचें आसन डाव्या खिडकीचें, आणि एका ओळींत सहा आसनें असलेल्या विमानांत 'एफ' हें उजव्या खिडकीचें असतें. प्रवास मात्र दिवसाचा हवा. १९४९ सालीं मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्रीं टपालाचीं विमानें निघून नागपुरास एकत्र येत व थैल्यांची अदलाबदल करीत. टपालास रात्र चालते. पाहणाऱ्यास मात्र रात्रीं दिव्यांवांचून कांहीं दिसत नाहीं.

परततांना सारें उलट होतें. दिल्लीहून बागडोगऱ्यास जाणाऱ्यास हिमालय डावीकडे दिसतो. परत येतांना तोच उजवीकडे येतो. "डावी बाजू चांगली" एवढेंच पाठ करणारा येथें फसतो. दिशा समजलेला फसत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, या ज्ञानासाठीं विमानाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. पांढरकवड्याहून नागपुरास जाणारी एस्. टी. उत्तरेकडे जाते. सकाळच्या गाडींत ऊन कोणत्या बाजूस येईल व वर्धा नदी कोठें आडवी येईल, हें घरींच ठरवून मग पडताळून पाहा. आणि पालकांस एवढीच विनंति कीं, प्रवासांत खिडकी मुलास द्यावी. पण आदल्या रात्रीं नकाशा व दोरा त्याच्या हातीं द्यावयास विसरूं नये.